स्त्रीधनाच्या जुन्या यादीतील शिरोभूषणे आणि वस्त्रे : काही शब्दांची ओळख हवी आहे

पेटीतला_कागद यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरातील जुन्या कागदपत्रांत मोडी लिपीतील एक याद सापडली आहे. पणजीच्या लग्नात तिला माहेरहून व सासरहून जे दागिने आणि जी वस्त्रे मिळाली, त्यांची ती नोंद असावी, असे कागदाच्या मथळ्यावरून वाटते. मोडीच्या एका जाणकारांकडून मी तिचे देवनागरीत लिप्यंतर करून घेतले. अक्षरे लागली, अर्थ मात्र पुष्कळ ठिकाणी लागला नाही. यादीतील एकही दागिना आज घरात उरलेला नसल्यामुळे वस्तू समोर ठेवून शब्द ओळखण्याचीही सोय नाही.

याद आहे त्याच क्रमाने देतो. बिंदी बिजवरा १, मुद १, राखडी १, केतक १, फूल १, नाग १, गोंडे जोड १, वेल मोत्यांचे जोड १, बुगड्या जोड १, कुड्या जोड १, नथ १, ठुशी १, वज्रटीक १, तन्मणी १, वाक्या जोड १, गोठ जोड १, पाटल्या जोड १, आंगठ्या २, कंबरपट्टा रुप्याचा १, तोरड्या जोड १, विरोल्या जोड १. त्यानंतर एक आडवी रेघ आहे आणि तिच्याखाली वस्त्रे : शालू १, पैठणी १, पाटाव १, चंद्रकळा १, लुगडी टोपपदरी २, शेला १, खण ५.

गळ्यातील आणि हातातील दागिने मला ठाऊक आहेत. माझी अडचण डोक्यापाशी आणि वस्त्रांपाशी आहे. ‘मुद’ म्हणजे मुदी, अर्थात आंगठी, असे लिप्यंतर करणाऱ्या गृहस्थांनी सुचवले. ते बरोबर आहे का? केतक, फूल आणि नाग हे डोक्यावर नेमके कोठे घालत असत, आणि ते सगळे एकाच वेळी घालत असत का? पाटाव आणि शालू यांत फरक काय? ‘टोपपदरी’ या शब्दातील टोप म्हणजे डोक्यावर घ्यायचे काही असावे का? सराफांच्या दुकानांत विचारले, तर सर्व काही ‘पेशवाई सेट’ या एका नावाखाली दाखवले जाते, आणि त्यात राखडी कोणती व मूद कोणती हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही.

शिरोरेखा यांचे उत्तर

आपण याद मूळ क्रमाने दिली हे फार बरे झाले, कारण या कागदाचा अर्थ लावण्याचे सर्वांत भरवशाचे साधन त्याचा क्रमच आहे. आपली याद पुन्हा एकदा वरून खाली वाचून पाहावी : आधी भांग आणि माथा, मग वेणी, मग कान, नाक, गळा, दंड, मनगट, बोटे, कंबर आणि शेवटी पाय. वाकी दंडावर चढते, गोठ व पाटल्या मनगटावर येतात आणि आंगठ्या त्यांच्यानंतर, इतक्या बारकाईने हा उतरता क्रम पाळलेला आहे. याद लिहिणाऱ्या कारकुनाने दागिने किमतीप्रमाणे लावलेले नाहीत, देहाप्रमाणे लावले आहेत. म्हणून एखादा शब्द अडला, तर त्याच्या अलीकडचा व पलीकडचा शब्द पाहावा; अडलेला दागिना त्या दोन जागांच्या मध्ये कोठेतरी असणार.

हीच कसोटी ‘मुद’ या शब्दाला लावली, तर तो बिजवरा आणि राखडी यांच्यामध्ये आलेला आहे, म्हणजे तो डोक्यावरचाच दागिना आहे. शिवाय आंगठ्यांची नोंद पाटल्यांनंतर स्वतंत्रपणे केलेली असल्यामुळे येथे पुन्हा आंगठी येण्याचे कारण उरत नाही. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ उकारांचा भेद सहसा पाळला जात नाही, त्यामुळे मोडीतील ‘मुद’ देवनागरीत ‘मूद’ असा वाचायला काहीच हरकत नाही, आणि मूद हे स्त्रियांच्या केसांत घालायच्या सोन्याच्या दागिन्याचे जुने, सर्वमान्य नाव आहे. आज हा शब्द बहुतेकांना पानातील भाताच्या मुदीमुळेच माहीत असतो.

आता डोक्यावरच्या जागा पाहू. बिंदी-बिजवरा ही नावे जोडीनेच उच्चारली जातात आणि हे दागिने भांग व कपाळ यांच्या बाजूचे, म्हणजे समोरून दिसणारे आहेत. त्यांच्यापुढची सारी नावे मागून दिसणाऱ्या दागिन्यांची आहेत. राखडी ही गोल, चकतीसारखी, बहुधा जडावाची असते आणि माथ्याच्या मागील बाजूस, जेथून वेणी सुरू होते तेथे बसते. केतक म्हणजे केवड्याच्या पानाच्या आकाराचा सोन्याचा दागिना. खऱ्या केवड्याचे पान घडी घालून केसांत खोवण्याची जी पद्धत होती, तिचीच ही सोन्यातील नक्कल आहे. नाग वेणीवर फणा काढून बसतो आणि गोंडे वेणीच्या टोकाशी लोंबतात. फूल हे नावाप्रमाणेच फूल असून ते आकड्याने किंवा काडीने केसांत रुतवतात.

राहिले मोत्यांचे वेल. त्यांची जागा डोके आणि कान यांच्या मधोमध आहे, आणि यादीतही ते गोंडे व बुगड्या यांच्या मध्येच आले आहेत. कानातल्या दागिन्याला अडकवून वर केसांत टाचलेली मोत्यांची सर म्हणजे वेल. तो शोभेचा आहे, पण कानाच्या पाळीवर येणारे ओझेही तो वरच्या वर तोलतो.

कावेरीकाठ यांचे उत्तर

मी नोकरीच्या निमित्ताने तमिळनाडूत राहतो, आणि वर आलेल्या नावांपैकी निम्मी नावे येथे मला भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुलींच्या तोंडी रोज ऐकू येतात, म्हणून हे लिहीत आहे. अरंगेट्रमच्या, म्हणजे शिक्षणानंतरच्या पहिल्या जाहीर नृत्याच्या, वेळी नर्तकीच्या डोक्यावर जो साज चढतो, त्यात भांगावर नेत्रिचुट्टी, तिच्या दोन बाजूंना सूर्य व चंद्र, मागे माथ्यावर ‘राकोडी’, वेणीवर ‘जडैनागम्’ आणि वेणीच्या टोकाला ‘कुंजलम्’ असते. आपल्या यादीतील राखडी, नाग आणि गोंडे यांच्याशी हे ताडून पाहावे. जागा त्याच, क्रमही तोच. तंजावरवर भोसले घराण्याचे राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत होते, आणि आजच्या भरतनाट्यम्‌च्या मांडणीला ज्यांनी आकार दिला ते चार भाऊ याच मराठी दरबाराच्या आश्रयाला होते. तरीही कोणी कोणाकडून काय घेतले, हे एवढ्यावरून ठरवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण वेणीवर नाग घालण्याची आवड कर्नाटकातही तितकीच रुजलेली आहे.

उलट दिशेलाही पाहण्यासारखे आहे. राजस्थानात ‘रखडी’ हा सवाष्णींचा दागिना आहे, पण तो मागे नव्हे, पुढे, भांगाच्या तोंडाशी कपाळावर येतो. म्हणजे राजस्थानपासून तमिळनाडूपर्यंत नाव जवळजवळ तेच राहिले आणि दागिना मात्र कपाळावरून माथ्यामागे सरकला. त्यामुळे मराठी यादीतील राखडीचा अर्थ हिंदी कोशातून किंवा राजस्थानी छायाचित्रांवरून लावू नये, एवढी सूचना करावीशी वाटते.

शिरोरेखा यांचे उत्तर

रखडीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपण लिहिलेल्या नर्तकीच्या साजावरून मात्र एक गैरसमज होऊ शकतो, म्हणून पुरवणी जोडतो. मूळ प्रश्नात हे सारे दागिने एकाच वेळी घालत असत का, असे विचारले आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर नकारार्थी आहे. नाग आणि गोंडे यांना लांब, सुटी सोडलेली वेणी लागते. अंबाडा किंवा खोपा घातला की त्यांना जागाच उरत नाही. फूल मात्र अंबाड्यात खुलते. पणजीच्या काळी मुलींची लग्ने लहान वयात होत. नववधू म्हणून मिरवताना त्रिपेडी किंवा पाचपेडी वेणीवर नाग-गोंडे, आणि पुढे संसारात रुळल्यावर अंबाड्यात फूल व केतक, असा या दागिन्यांचा वापर वयाप्रमाणे वाटला गेलेला असणार. याद ही मालमत्तेची नोंद असते. तिच्यात एका दिवसाचा साज शोधू नये. ‘पेशवाई सेट’ विकणाऱ्यांची मूळ अडचण हीच आहे, की त्यांना सर्व काही एकाच डोक्यावर एकाच वेळी बसवायचे असते.

काठपदर यांचे उत्तर

वस्त्रांविषयी मी लिहितो, कारण हातमागाच्या व्यवहाराशी माझा बरीच वर्षे संबंध आहे. प्रथम टोपपदराविषयी. या शब्दाचा डोक्यावरच्या टोपाशी काहीही संबंध नाही. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात असलेल्या इलकल गावचे जे लुगडे आपण इरकल किंवा इरकली म्हणून ओळखतो, त्याच्या विशिष्ट पदराला टोपपदर म्हणतात. हा पदर लाल रेशमाचा असतो आणि त्यावर पांढऱ्या रंगाचे पट्टे व दातेरी नक्षी असते. मुख्य लुगडे सुती असले तरी पदर रेशमीच ठेवतात, आणि त्यासाठी पदराचे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वेगळे ताणून ते लुगड्याच्या ताण्याला फासे देऊन एकेक करून जोडतात. हे जोडकाम वेळखाऊ असल्यामुळे ते टाळून केलेली स्वस्त लुगडीही बाजारात येतात. म्हणून ‘टोपपदरी’ हा शब्द यादीत मुद्दाम लिहिला गेला, यात नवल नाही. त्या एका विशेषणाने लुगड्याची प्रत आणि किंमत दोन्ही कळत होत्या. डोक्यावरून पदर घेतला म्हणजे हा लाल पट्टा चेहऱ्याभोवती येई, एवढाच त्याचा डोक्याशी संबंध.

खण पाच असे लिहिले आहे, ते चोळीसाठी. खणाच्या विणकामाचे मोठे केंद्र गुळेदगुड्ड हेही बागलकोट जिल्ह्यातच आहे, आणि इरकलीवर खणाची चोळी ही जोडी महाराष्ट्राच्या दक्षिण भागात व उत्तर कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आपली याद सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा सोलापूर या पट्ट्यातील असावी, असा माझा अंदाज आहे. याद विदर्भातील असती, तर त्यात टसराच्या करवतकाठी लुगड्याचा उल्लेख येण्याची शक्यता अधिक होती. त्याच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते आणि तेच त्याचे नाव झाले.

पाटाव म्हणजे रेशमी वस्त्र. पट्ट, पाट आणि पाटाव हे एकाच कुळातले शब्द आहेत. शालूही रेशमीच, पण त्याची ओळख अंगभर पसरलेल्या जरीच्या बुट्ट्यांत आहे, आणि शालू म्हटला की बनारसचा, असे समीकरण आपल्याकडे रूढ झालेले आहे. तेव्हा एकाच यादीत शालू, पैठणी आणि पाटाव अशा तीन नोंदी असतील, तर शालू व पैठणी या त्यांच्या विणीवरून नावाने ओळखल्या गेल्या आणि उरलेल्या रेशमी लुगड्याला पाटाव हे व्यापक नाव दिले गेले, असे मी समजेन. पैठणीची खूण तिच्या पदरात आणि काठात असते. तिची नक्षी बाण्याचे, म्हणजे आडवे, रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेली असल्यामुळे खऱ्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. पुढे हा व्यवसाय येवल्यात अधिक फोफावला, पण नाव पैठणचेच राहिले.

चंद्रकळा हे गडद, बहुधा काळ्या रंगाचे लुगडे. अंगावर नक्षी नाही, शोभा काय ती काठापदराची. एरवी शुभकार्यात टाळला जाणारा काळा रंग संक्रांतीला मात्र आवर्जून नेसतात, आणि लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा घेण्याची चाल असल्यामुळे ती स्त्रीधनाच्या यादीत येणे स्वाभाविकच आहे. जाता जाता एक गंमत सांगतो. त्याच संक्रांतीला हलव्याचे दागिने घालतात, आणि बिंदी, नथ, वाक्या, कंबरपट्टा ही नावे अनेक घरांत आता त्या साखरेच्या दागिन्यांपुरतीच उरली आहेत. सराफाला जे सांगता आले नाही, ते हलव्याचे दागिने करणाऱ्या एखाद्या आजीबाईंना विचारून पाहावे.

शेला हे अंगावरून घ्यायचे जरीकाठी उपवस्त्र आहे.

अश्मक यांचे उत्तर

वर ‘देहाप्रमाणे लावलेला क्रम’ असे जे लिहिले आहे, ती परंपरा आपल्या यादीहून फार जुनी आहे. अमरसिंहाच्या अमरकोश या प्राचीन संस्कृत शब्दकोशाच्या दुसऱ्या कांडातील मनुष्यवर्गात अलंकारांची नावे नेमकी अशीच वरून खाली येतात. आधी चूडामणि किंवा शिरोरत्न, मग वालपाश्या आणि पारितथ्या हे केसांचे दागिने, मग पत्रपाश्या किंवा ललाटिका हा कपाळावरचा, त्यानंतर कानातील कर्णिका, तालपत्र व कुंडल, पुढे गळ्यातील हारांचे प्रकार, मग केयूर-अंगद, कंकण, कमरेची मेखला, कांची व रशना आणि शेवटी पायांतील नूपुर. हारांच्या बाबतीत तर हा कोशकार सरांची आणि मोत्यांची मोजदाद करतो : शंभर सरांचा तो देवच्छंद, एका सरीची ती एकावली, आणि तीच सत्तावीस मोत्यांची असेल तर नक्षत्रमाला. केशरचनेसाठीही शब्द वेगळे आहेत; बांधलेले केस म्हणजे धम्मिल्ल, गुंफलेली ती वेणी किंवा प्रवेणी, आणि कबरी म्हणजे केसांची सजवलेली ठेवण. वस्त्रांत चोल आणि कूर्पासक येतात; आपली चोळी त्या चोलाचीच वारस आहे.

ही निव्वळ शब्दांची रास नाही, हे अजिंठ्याला गेल्यावर कळते. वाकाटक काळातील सतराव्या लेण्यात शृंगार करणाऱ्या राजस्त्रीचे जे प्रसिद्ध चित्र आहे, ते पाहताना केसांतील, गळ्यातील आणि कमरेच्या अलंकारांना अमरकोशातील नावे देत जाण्याचा खेळ करून पाहावा. बरीचशी नावे चपखल बसतात.

मात्र आपल्या यादीतील एका दागिन्याला या जुन्या कोशात जागा नाही, आणि तो म्हणजे नथ. कानानंतर अमरसिंह थेट गळ्याकडे जातो, नाक वगळतो. अजिंठ्याच्या चित्रांत किंवा कार्ल्याच्या शिल्पांतही स्त्रियांच्या नाकात दागिना दिसत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३० च्या दशकात या प्रश्नावर लेख लिहिला आणि नाकातील दागिन्याचे उल्लेख प्राचीन साहित्यात मिळत नाहीत, ते मध्ययुगातच येऊ लागतात, हे दाखवून दिले. आज मराठी स्त्रीच्या साजाची पहिली खूण म्हणून नथ दाखवली जाते आणि मूद कोणाच्या स्मरणातही नसते. वयाने पाहिले तर केसांतील दागिन्यांचे कुळ नथीहून कितीतरी जुने आहे. शोभायात्रांमध्ये नऊवारीवर नथ आणि डोक्याला फेटा असा जो वेष हल्ली दिसतो, त्याविषयी माझी तक्रार नाही, पण फेटा हे पुरुषांचे शिरोवस्त्र होते, आणि त्याच्याखाली राखडी, केतक व फूल यांची सारी जागा झाकली जाते.

पैनगंगा यांचे उत्तर

चर्चा पुणे-सातारा वळणाच्या घरांभोवतीच फिरत आहे, म्हणून थोडी भर घालते. ‘जुने शब्द’ म्हणताना आपण बहुधा सोन्याचे शब्द धरतो. यवतमाळ, वाशीम आणि नांदेड या भागांतील बंजारा तांड्यांमध्ये स्त्रियांच्या शिरोभूषणांची स्वतंत्र नावे आहेत आणि ते दागिने चांदीचे किंवा इतर धातूंचे आहेत. घुगरी आणि टोपली हे केसांच्या बटांत गुंफून दोन्ही गालांवर लोंबते सोडायचे दागिने असून ते सवाष्णपणाचे लक्षण मानले जातात. आपल्याकडे मंगळसूत्राला जो मान आहे, तो तेथे त्यांना. वस्त्रांत घेरदार फेटिया, आरसे व कवड्या लावलेली काचळी आणि डोक्यावरून घ्यायची टुकरी असते. पूर्वी काही स्त्रिया माथ्यावरच्या केसांत एक उभी काडी बसवून तिच्यावरून ओढणी सोडत, त्यामुळे डोक्यावर शिंगासारखा उंचवटा दिसे. माझ्या लहानपणी वयस्कर स्त्रियांकडून याचे वर्णन मी ऐकलेले आहे. आता फेटिया-काचळी लग्नात आणि तीजेच्या सणातच अधिक दिसते.

गोव्याचेही एक उदाहरण देते, कारण तेथील शब्दांत परदेशी धागा मिसळला आहे. मांडो हा तेथला गाण्यासह होणारा नाच नाचताना ख्रिस्ती स्त्रिया जो पानो-बाजू घालतात, त्यात पानो म्हणजे कमरेभोवती गुंडाळलेले वस्त्र आणि बाजू म्हणजे जरीकाम केलेला सैल अंगरखा. पानो हा शब्द पोर्तुगीज आणि बाजू हा मलय भाषेतला. पोर्तुगिजांचे जहाजमार्ग गोव्याहून मलाक्काकडे जात असत, हे लक्षात घेतले की ही जोडी कशी जुळली असेल याचा अंदाज येतो.

पेटीतला_कागद यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काठपदर यांचा अंदाज बरोबर आहे. आमचे घराणे सातारा जिल्ह्यातीलच आहे. प्रत्येक दागिन्यापुढे वजन लिहिलेले आहे, ते मी आधी अनावश्यक समजून दिले नव्हते. मूद : तो. २ मा. ३. राखडी : तो. १ मा. ८. केतक : तो. १ मा. २ गुं. ४. वेल : तो. १ मा. १. यातील ‘मा.’ आणि ‘गुं.’ यांचे आजच्या ग्रॅममध्ये रूपांतर कसे करावे?

शिरोरेखा यांचे उत्तर

मा. म्हणजे मासा आणि गुं. म्हणजे गुंज. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, असे हे कोष्टक आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी : आजचे सराफ व्यवहारात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. त्या हिशेबाने आपली मूद २६ ग्रॅमहून थोडी अधिक भरते, राखडी सुमारे साडेएकोणीस ग्रॅम आणि केतक सुमारे चौदा ग्रॅम. सव्वादोन तोळ्यांची आंगठी कोणी रोजच्या वापरासाठी करणार नाही, तेव्हा ‘मुद म्हणजे मुदी’ हा तर्क वजनानेही बाद होतो.

वेलांच्या वजनाविषयी मात्र घाई करू नये. सव्वा तोळ्याच्या आतले ते वजन मोत्यांसह आहे की निव्वळ सोन्याचे, हे मोडी मजकुरात पुढे-मागे लिहिलेले असू शकते. ‘मोतीसुद्धा’ असा किंवा त्या अर्थाचा एखादा शब्द समासात आहे का, ते मूळ कागदावर पाहावे. असल्यास त्या जोडीत सोन्याची तार आणि आकडे यांपलीकडे सोने फारसे नसेल. गोंड्यांचेही तेच, कारण त्यांत रेशीम असते. त्या दोन ओळींचे छायाचित्र येथे टाकलेत, तर वाचून पाहता येईल.